जुन्या जीपला मोठें एंजिन: जोर कोठून येतो व कोठें मोडतो

पुणें जिल्ह्यांतील बागाइतदाराच्या दारांत जुनी जीप उभी असणें ही नवलाची गोष्ट नाहीं. पुरंदरचीं अंजिरें व सीताफळें दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या बाजारांत येतात. पावसाळ्यांत मळ्यापर्यंतचा चिखलाचा रस्ता दुसऱ्या कोणत्याही मोटारीस कापवत नाहीं. अशा कामीं ह्या गाडीनें दोन दोन पिढ्यांची सेवा केलेली आहे. परंतु वय झालें म्हणजे एंजिन दम टाकूं लागतें, चढावर गिअर खालीं घ्यावा लागतो, पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरतो. मग कोणी तरी सल्ला देतो कीं, नाना पेठेंत किंवा जुन्या बाजारांत एखादें मोठें डिझेल एंजिन पाहावें व तेंच गाडींत घालावें. गिअरबॉक्स आहे तोच राहूं द्यावा, म्हणजे थोडक्यांत काम होईल.

हा सल्ला नवा नाहीं. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव कडाडले व डिझेल त्या मानानें बरेंच स्वस्त राहिलें, तेव्हांपासून पुढें वीस-पंचवीस वर्षें जीप व अँबॅसडर गाड्यांत जुनीं डिझेल एंजिनें बसविण्याचा उद्योग ठिकठिकाणच्या कारागिरांनीं केला. आकुर्डीच्या बजाज टेंपो कारखान्याच्या, म्हणजे २००५ पासून फोर्स मोटर्स ह्या नांवानें चालणाऱ्या कंपनीच्या, गाड्यांतील डिझेल एंजिनांस ह्या कामीं विशेष मागणी असे. त्यांपैकीं कांहीं गाड्या चांगल्या चालल्या, कांहीं सहा महिन्यांत मोडून पडल्या. हा फरक कशानें पडतो हें शेतकऱ्यानें पैसे खर्च करण्यापूर्वीं समजून घ्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें एका वाक्यांत असें आहे कीं, एंजिन हा साखळीचा केवळ पहिला दुवा आहे. तो जाड केला म्हणून साखळी बळकट होत नाहीं, उलट पुढचा जो दुवा सर्वांत बारीक असेल तो आधीं तुटतो.

ओढ व वेग ह्यांतील भेद

एंजिनाच्या अंगीं दोन निराळे गुण असतात. एक पीळ, म्हणजे शाफ्ट फिरविण्याची ताकद. दुसरा फेऱ्यांचा वेग. ह्या दोहोंच्या गुणाकारास आपण अश्वशक्ति म्हणतों. मोटेच्या बैलाची ओढ मोठी पण चाल मंद. टांग्याच्या घोड्याची ओढ कमी पण चाल जलद. दोघांचें एकंदर काम सारखें भरलें तरी एकास दुसऱ्याच्या जागीं जुंपतां येत नाहीं. गिअरबॉक्सचें काम हेंच कीं, वेग देऊन त्याच्या बदल्यांत ओढ घ्यावयाची.

उदाहरणासाठीं आपल्याकडे पुष्कळ वर्षें तयार होत असे ती सी.जे. ३ बी ह्या जातीची जीप घेऊं. तिचें पेट्रोल एंजिन सुमारें २२०० घनसेंटिमीटरचें असून त्याचा जास्तींत जास्त पीळ सुमारें १५.८ किलोग्रॅम-मीटर आहे. तिच्या तीन गिअरांच्या पेटींत पहिला गिअर २.८ पट ओढ देतो. मागील अॅक्सलमधील क्राऊन-पिनियन तीच ओढ आणखी ५.३८ पट करतो. म्हणजे पहिल्या गिअरांत चाकावर येणारा पीळ एंजिनाच्या १५ पट होतो. शिवाय ट्रान्सफर केसमध्यें जो खालचा गिअर असतो तो २.४६ पट आहे. तो घातला म्हणजे हाच आंकडा ३७ वर जातो.

आतां हिशोब पाहा. एंजिन बदलून पीळ तीस टक्क्यांनीं वाढला तर ओढ १ ची १.३ होते. तीच ओढ ट्रान्सफर केसचा खालचा गिअर घातल्यानें १ ची २.४६ होते, आणि त्यास एक पैसाही लागत नाहीं. ज्यास चिखलांतून गाडी काढावयाची आहे त्यानें एंजिन शोधण्यापूर्वीं हा दांडा मोकळा फिरतो कीं गंजून बसला आहे हें पाहावें. मात्र हा गिअर चारही चाकांच्या ओढीबरोबरच चालतो, म्हणून तो चिखल, वाळू व मातीच्या वाटेवरच वापरावा. कोरड्या डांबरी सडकेवर तो घातल्यास पुढचें व मागचें अॅक्सल एकमेकांशीं झगडतात आणि दांते झिजतात.

वेगाचाही हिशोब असाच आहे. १६ इंची चाकाच्या जीपच्या टायरचा घेर सुमारें २.२ मीटर असतो. एंजिन मिनिटास ४००० फेरे करीत असेल तर सरळ गिअरांत गाडी ताशीं सुमारें ९८ किलोमीटर जाते. २००० फेरे असतील तर सुमारें ४९. ट्रॅक्टरचें एंजिन सामान्यतः मिनिटास दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांपर्यंतच चालण्यासाठीं बांधलेलें असतें. तें तसेंच जीपमध्यें घातलें व अॅक्सल तेंच ठेवलें तर गाडी पन्नासाच्या पुढें सरकणार नाहीं, आणि चालक पाय दाबून दाबून एंजिनाचा जीव घेईल. अशा वेळीं दोष एंजिनाचा नसतो, जुळणीचा असतो.

कारखानदारांनीं हें कसें केलें

मोठें अथवा निराळें एंजिन जुन्या गाडींत घालणें ही गोष्ट अशक्य नाहीं. मोटारी तयार करणाऱ्या कंपन्यांनीं ती वारंवार केली आहे. परंतु त्यांनीं एंजिनाबरोबर आणखी काय काय बदललें हें पाहण्यासारखें आहे.

अमेरिकेंत विलिस कंपनीनें १९५३ सालीं आपल्या जीपला जें सुधारलेलें एंजिन दिलें त्याचें घनमान पहिल्याइतकेंच होतें, शक्ति मात्र ६० वरून सुमारें ७२ अश्वशक्ति झाली. एक व्हाल्व वरच्या टोपणांत गेल्यामुळें एंजिन उंच झालें, आणि तेवढ्यासाठीं गाडीचें बॉनेट व पुढची जाळी उंच करावी लागली. महिंद्र कंपनीनें पुढें अनेक वर्षें ह्याच उंच कपाळाची जीप आपल्याकडे तयार केली. घनमान तेंच असतांही केवळ उंचीपायीं पत्रा बदलावा लागला, ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

दुसरें उदाहरण तर शेतकऱ्याच्या घरचें आहे. १९६३ सालीं महिंद्र कंपनीनें इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास ह्यांच्यासह ट्रॅक्टरचा कारखाना काढला व तेथें बी २७५ हा ट्रॅक्टर तयार होऊं लागला. १९७७ सालीं ती कंपनी महिंद्रमध्येंच विलीन झाली. ह्याच ट्रॅक्टरच्या एंजिनापासून जीपसाठीं सुमारें २३५० घनसेंटिमीटरचें डिझेल एंजिन तयार करण्यांत आलें व १९७० च्या दशकांत डिझेल जीप रस्त्यावर आली. ती ओढीस दांडगी, पण चालीस मंद व थरथरणारी अशी ओळखली जाई. पुढें १९८० च्या दशकांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचें २११२ घनसेंटिमीटरचें, अधिक फेऱ्यांचें डिझेल एंजिन घेऊन कंपनीनें ती उणीव भरून काढली. येथें घनमान कमी झालें तरी गाडी सुधारली. मोठें तें चांगलें, हा समज ह्या एका उदाहरणानें खोटा ठरतो.

अँबॅसडर गाडींत पुष्कळ वर्षें १४८९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल एंजिन व चार गिअरांची पेटी होती. १९९० च्या दशकाच्या आरंभीं इसुझू कंपनीच्या आराखड्याचें १८०० घनसेंटिमीटरच्या सुमाराचें एंजिन तींत बसविण्यांत आलें, तेव्हां पेटीही पांच गिअरांची नवी देण्यांत आली. मुंबईच्या प्रीमियर कंपनीनें १९८५ सालीं ११८ एन.ई. ही गाडी काढतांना निसान कंपनीचें ११७१ घनसेंटिमीटरचें एंजिन घेतलें, तें त्याच कंपनीच्या गिअरबॉक्ससह. ज्यांच्यापाशीं आराखडे, यंत्रें व परीक्षेचीं साधनें होतीं त्यांनींही जुनी पेटी नव्या एंजिनास जोडण्याचा मोह टाळला, तर भिंतीशीं टेकलेल्या गॅरेजमध्यें तो किती जपून धरावा हें सांगणें नको.

एंजिन व गिअरबॉक्स ह्यांचा सांधा

हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत एंजिन व गिअरबॉक्स ह्यांच्या मध्यें फ्लायव्हील, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व त्यांवरील बेलहाऊसिंग असतें. दोन निराळ्या कंपन्यांचे भाग जोडावयाचे तर बोल्टांचीं भोंकें जुळत नाहींत; म्हणून मध्यें जाड लोखंडी प्लेट लेथवर कातून बसवितात. खरी परीक्षा ह्या प्लेटची आहे. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचें टोंक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकांतील पायलट बेअरिंगमध्यें टेकतें. दोन्ही शाफ्टांचा मध्य एका रेषेंत असला पाहिजे. मिलिमीटरच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याचा फरक पडला तरी गिअर जड पडतात, बेअरिंग आवाज करूं लागतें व अखेर शाफ्टचे दांते खाल्ले जातात. सबब डायल गेजनें मध्य तपासल्याशिवाय प्लेट पक्की करूं देऊं नये. डोळ्यानें व सुतानें हें काम होत नाहीं.

क्लचप्लेटच्या मधल्या खांचा गिअरबॉक्सच्या शाफ्टशीं जुळाव्या लागतात, आणि तिचा व्यास नव्या एंजिनाच्या पिळास पुरावा लागतो. लहान प्लेट मोठ्या एंजिनाखालीं घसरते, तापते व जळते. डिझेल एंजिनाचा ठोका पेट्रोलपेक्षां कठोर असतो. तो सौम्य करण्यासाठीं क्लचप्लेटमध्यें ज्या लहान स्प्रिंगा असतात त्या असल्याच पाहिजेत, नाहीं तर प्रत्येक ठोका थेट गिअरच्या दांत्यावर बसतो.

सांध्यापुढील भाग

वर सांगितलेल्या जीपमध्यें पहिला गिअर व ट्रान्सफर केसचा खालचा गिअर मिळून ट्रान्सफर केसमधून बाहेर पडणारा पीळ सुमारें १०९ किलोग्रॅम-मीटर होतो. एंजिन तीस टक्क्यांनीं जोरदार घातलें तर तोच १४१ होईल. शाफ्टचे सांधे, क्राऊन-पिनियन व अर्धशाफ्ट मात्र पहिल्या आंकड्यासाठींच घडविलेले आहेत आणि तेही तीस-चाळीस वर्षें झिजलेले. भरलेली गाडी चिखलांत रुतली असतां क्लच झटक्यानें सोडला म्हणजे अर्धशाफ्ट कां तुटतो, ह्याचें उत्तर येथें आहे.

डिझेल एंजिन वजनानेंही जड असतें. तें पुढच्या पाट्यांवर बसतें. पाटे चपटे होतात, स्टीअरिंग जड पडतें, पुढचे टायर कडेनें झिजतात. रेडिएटर जुना ठेवल्यास घाटांत पाणी उकळतें. स्टार्टरला मोठी बॅटरी लागते, टाकीकडे जास्तीचें डिझेल परत नेणारी नळी लागते. कांहीं मोटारींत ब्रेकला साहाय्य करणारें यंत्र पेट्रोल एंजिनाच्या ओढीच्या पोकळीवर चालतें. डिझेल एंजिनांत ती पोकळी नसते, म्हणून निराळा पंप बसवावा लागतो. तो विसरला गेला तर ब्रेक एकाएकीं दगडासारखा कठीण लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकचीच. गाडी थांबविण्यास जी शक्ति जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ५० ऐवजीं ७० किलोमीटरनें जाणारी गाडी थांबवावयास ब्रेकांना जवळजवळ दुप्पट काम पडतें. जुन्या जीपचे ड्रम ब्रेक ज्या वेगासाठीं होते तो वेग ओलांडून दिवे घाट किंवा खंबाटकी घाट उतरणें म्हणजे आपला व समोरून येणाऱ्याचाही जीव धोक्यांत घालणें होय. एंजिन चढावर उपयोगी पडतें. उतारावर घरीं आणतात ते ब्रेक.

जुनें एंजिन पारखणें

कांहीं झालें तरी एंजिन विकत घेण्याचा प्रसंग येतोच. कधीं त्याच जातीचें बदली एंजिन घ्यावें लागतें. तेव्हां पुढील गोष्टी पाहाव्या. एंजिन थंड असतांना आपल्यासमोर सुरू करावयास सांगावें. आधींच गरम करून ठेवलेलें एंजिन संशयास्पद समजावें. तेल घालण्याचें टोपण उघडून वाफाऱ्याचा जोर पाहावा. तो फार असेल तर रिंगा व बोअर झिजले आहेत. निळा धूर म्हणजे तेल जळतें, काळा धूर टिकून राहिला तर डिझेल जास्त पडतें किंवा हवा कमी मिळते, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर जात नसेल तर पाणी आंत शिरतें किंवा डिझेल नीट जळत नाहीं. रेडिएटरमध्यें बुडबुडे येत असतील अथवा तेल ताकासारखें झालें असेल तर हेड किंवा गॅस्केट गेलें. चारही सिलिंडरांचें कॉम्प्रेशन मोजून घ्यावें. त्यांत दहांत एकाहून अधिक तफावत नसावी. तेलाचा दाब एंजिन चांगलें तापल्यावर पाहावा, थंड असतांना नव्हे.

ह्यासर्वांपूर्वीं एंजिनावरील नंबर पाहावा. तो घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगनें झांकलेला असेल तर भाव कितीही उतरला तरी हात लावूं नये. ज्या गाडींतून तें निघालें तिचे कागद व विक्रेत्याची पावती ह्यांवांचून घेतलेलें एंजिन चोरीच्या मालाची जबाबदारी आपल्या अंगावर आणूं शकतें.

कायदा

पुष्कळांचा समज असा आहे कीं, गाडी आपली, एंजिन पैसे देऊन घेतलेलें, मग विचारणारें कोण? कायदा असें मानीत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांविषयीं आहे. २००० सालच्या दुरुस्तीनें तें कडक झालें: कारखानदारानें मूळ ठरवून दिलेल्या वर्णनापासून नोंदणीपत्रांतील तपशील निराळा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ च्या निकालांत हाच अर्थ कायम केला. गॅस, वीज इत्यादि निराळ्या इंधनावर गाडी चालविण्यासाठीं मान्यताप्राप्त संच बसविण्याची सवलत कायद्यांत आहे, पण तीही ठरलेल्या अटींवर. वाहनांची व त्यांच्या भागांची परीक्षा करून प्रमाणपत्र देणारी ए.आर.ए.आय. ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यांतच, वेताळ टेकडीवर आहे. तेथील परीक्षा किती कसून होतात हें पाहिलें म्हणजे गॅरेजमधील जोडकाम व मान्य जोडकाम ह्यांतील अंतर कळतें.

नोंदणीपत्रांत एंजिनाचा नंबर, घनमान, सिलिंडरांची संख्या व इंधन हें सर्व लिहिलेलें असतें. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढें गाडी तपासून ती पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते. त्या तपासणींत नंबर व घनमान जुळलें नाहीं तर नूतनीकरण अडतें. २०१९ च्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२ अ प्रमाणें नियमबाह्य फेरफारास दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनी न कळविलेल्या फेरफाराचें कारण पुढें करून गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारूं शकते, हें तर वेगळेंच. सबब सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडींत दुसऱ्या जातीचें मोठें एंजिन घालण्याचा मार्ग आज मोकळा नाहीं असेंच धरून चालावें. त्याच जातीचें बदली एंजिन घालावयाचें असल्यास आधीं आर.टी.ओ. कचेरीची परवानगी घ्यावी व काम झाल्यावर नवा नंबर नोंदणीपत्रावर चढवून घ्यावा. पुणें शहराची ही कचेरी संगम पुलाजवळ आहे.

मग करावें काय?

प्रथम आपली गरज कोणती हें ठरवावें. गाडी चढावर दम टाकते म्हणून एंजिन लहान आहे असें होत नाहीं. ब्रेक धरून राहिले असतील, टायरांत हवा कमी असेल, क्लच घसरत असेल, हवेचा फिल्टर चोंदला असेल, तर चांगलें एंजिनही दुबळें वाटतें. एक दिवस खर्चून हें सर्व तपासावें. तरीही जोर नसेल तर कॉम्प्रेशन मोजून आहे तेंच एंजिन बोअर करून, नवे पिस्टन-रिंग घालून, व्हाल्व बसवून घ्यावें. नीट उतरविलेलें जुनें एंजिन मूळची सर्व ओढ परत देतें. आणि त्याच्या मागचा प्रत्येक भाग त्याच ओढीसाठीं घडविलेला असल्यामुळें कोठेंही नवा ताण येत नाहीं.

खर्चाची तुलना करतांना केवळ एंजिनाची किंमत धरूं नये. जोडप्लेट, क्लच, फाउंडेशन, पाटे, रेडिएटर, सायलेन्सरची नळी, वायरिंग, ब्रेक व लेथचें काम हीं सर्व कलमें कागदावर मांडून त्यांची बेरीज दुरुस्तीच्या खर्चाशेजारीं लिहावी. बहुधा ती बेरीजच निर्णय देऊन टाकते. ज्यास रोज जड ओझेंच ओढावयाचें आहे त्याचें काम ट्रॅक्टर व ट्रॉलीचें आहे, जीपचें नव्हे. आणि ज्यास महामार्गावर वेगानें जावयाचें आहे त्यानें त्या वेगासाठीं बांधलेली गाडी घ्यावी. जुन्या जीपकडून तिच्या मापाचें काम घेतलें, तिचें तेल-पाणी व ब्रेक वेळेवर पाहिले, तर मळ्याच्या वाटेवर ती अजूनही अनेक हंगाम मालकास दगा देणार नाहीं.